हिरुतचं बिऱ्हाड

हॉस्टेलचा जुना भाग दुरुस्तीला काढणार आहेत, मार्च संपायच्या आत सगळ्यांनी आपापली सोय बघावी, असं रेक्टरबाईंनी सांगितलं आणि हिरुत खोलीवर जाऊन सामान मोजत बसली. बाकीच्या मुली चार शिव्या हासडून कामाला लागल्या. कुणाची मावशी जिंतूर रोडला होती, कुणाचा चुलता सेलूहून रोज रेल्वेने ये-जा करायचा, त्याच्याकडे राहता येणार होतं. हिरुतची मावशी समुद्रापलीकडे होती.

हिरुत इथिओपियाची. तिथल्या वोलो भागातलं कोंबोल्चा हे तिचं गाव. घरी आई आणि धाकटा भाऊ. तिकडच्या कॉलेजात शिकवता शिकवता तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ज्वारीवर पीएचडी करायला ती परभणीच्या कृषी विद्यापीठात आली. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. विद्यापीठात तिच्याशी सगळे इंग्रजीत बोलत. त्यामुळे मराठी ती शिकली ती प्लॉटवर खुरपायला येणाऱ्या बायकांकडून आणि मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या छबूबाईकडून. ‘मी येत आहे’ असलं वाक्य तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. ती म्हणायची, “मी यायलेय.” आणि ऐकणारा नवीन असला की दोनदा तिच्या तोंडाकडे बघायचा.

आठवडाभर ती खोल्या बघत फिरली. फोनवर सगळं ठरायचं, आणि दारात उभी राहिली की खोली नेमकी कालच गेलेली असायची. एका ठिकाणी फक्त फॅमिलीला देतो म्हणाले, एका ठिकाणी एकट्या बाईला देत नाही म्हणाले. एका घरमालकाने तर दार अर्धं उघडून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मान हलवली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी ती मेसमध्ये जेवायला आलीच नाही. दुसऱ्या दिवशी छबूबाईने विचारून विचारून सगळं काढून घेतलं आणि हात धुऊन पदराला पुसले.

“चल माझ्यासंगं,” ती म्हणाली. “वसमत रोडला ईश्वरअप्पाचं मकान हाय. त्यांच्या सुनेच्या दोन्ही बाळंतपनाला मीच होते सैपाकाला. वरचा मजला रिकामा पडलाय. माझ्या शब्दावर तर दार उघडतील.”

ईश्वरअप्पांचं पूर्वी कापडाचं दुकान होतं. आता त्याच जागी त्यांचा मुलगा शिवकांत बी-बियाणं विकायचा. खाली दुकान, पहिल्या मजल्यावर घर, आणि दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोर मोकळी गच्ची असं बिऱ्हाड. तिथले बँकेतले साहेब बदलून गेल्याला चार-पाच महिने झाले होते. सून मुलांना घेऊन माहेरी गेलेली, त्यामुळे घरात दोघं म्हातारे आणि शिवकांतच. अप्पा झोपाळ्यावर बसले होते. चौकशी सगळी त्यांच्या पत्नी चन्नबसम्माच करत होत्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वर बघेल.

“कोनत्या देशाची म्हनलीस?”

“इथिओपिया. आफ्रिकेत हाय, अम्मा.”

तिचं ‘हाय’ ऐकून अप्पांचा झोपाळा थांबला. अम्मा मात्र ढळल्या नाहीत.

“लगीन?”

“अजून न्हाई. पीएचडी झाल्यावर बघू.”

“आमी लिंगायत हाव. ह्या मकानात मटन, मासळी, अंडं काईच चालत न्हाई. करायचं न्हाई, बाहेरून आनायचं बी न्हाई. नुसता वास आला तरी मला अन्न जात न्हाई.”

“चालंल अम्मा. आत्ता तर माझा उपास हाय.”

“उपास? कशाचा?”

“आमचा ईस्टर येतो, त्याच्या आधीचा. लय मोठा असतो. जवळजवळ दोन महिने.”

चन्नबसम्मांचा चेहराच बदलला. त्या स्वतः श्रावणी सोमवार आणि शिवरात्र कडक करायच्या, पण दोन वर्षांपूर्वी पित्ताने आडव्या पडल्या तेव्हा डॉक्टरांनी उपास बंद करायला लावले होते, आणि ती खंत त्यांनी आल्या-गेल्याला सांगितली होती. ही परमुलुखातली पोरगी, ना आई जवळ ना बाप, आणि दोन महिने उपास धरून बसलेली. त्या उठून आत गेल्या आणि किल्ली घेऊनच बाहेर आल्या.

“सोमवारी ये सामान घेऊन,” त्या म्हणाल्या. “वार चांगला हाय.”

सोमवारी छबूबाई आणि तिचा भाऊ सुग्रीव आपला छोटा हत्ती टेंपो घेऊन हॉस्टेलपाशी आले. सामान असं कितीसं असणार. दोन सुटकेस, पुस्तकांची खोकी, गादी, जुना घेतलेला एक कूलर, नवी शेगडी, आणि एका स्वेटरमध्ये गुंडाळलेलं मातीचं काळं भांडं, लांब मानेचं. ते तिने टेंपोत ठेवू दिलं नाही, मांडीवरच घेऊन बसली. सुग्रीवने गाडी चालवताना दोन-तीनदा तिकडे बघितलं.

“देव हाय का त्याच्यात?” त्याने शेवटी विचारलंच.

“न्हाई, कॉफीचं हाय,” हिरुत म्हणाली. “आईनं दिलंय. दोन वर्षं पेटीतच पडलंय. हॉस्टेलात शेगडी पेटवू देत न्हाईत.”

सामान वर चढलं. कूलरमध्ये पाणी ओतून सुग्रीव तो चालू करून बघत होता, तेवढ्यात जिन्यावर अम्मांचा आवाज आला. त्या गुडघ्यावर हात देत एक एक पायरी चढत होत्या. मागे अप्पा, त्यांच्या हातात कोरं पातेलं आणि दुधाची पिशवी. अम्मांनी नव्या शेगडीला विभूती लावली, दोन फुलं वाहिली आणि पातेल्यात दूध तापत ठेवलं.

“दूध उतू गेलं की घर भरलं म्हनून समजायचं,” त्या म्हणाल्या. “बँकवाल्यानं केलं नव्हतं. बदली झाली का न्हाई बघ.”

सगळे शेगडीभोवती उभे राहिले. दूध वर आलं, काठावर क्षणभर थबकलं आणि फसफसत खाली उतरलं. हिरुतला ते फार आवडलं. आपल्या घरात सांडू नये म्हणून धडपडतात तीच गोष्ट इथे मुद्दाम सांडतात, आणि तिच्यासाठी सांडायला दोन म्हातारी माणसं एवढा जिना चढून आली होती. अम्मांनी उरलेल्या दुधात साखर घातली आणि पहिला पेला तिच्यापुढे धरला.

“घे. घरवालीनं आधी प्यायचं.”

हिरुतचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला.

“अम्मा, उपास हाय. दूध चालत न्हाई.”

“दूध चालत न्हाई?” चन्नबसम्मांना नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. “अगं, उपासाला दूधच तर चालतं.”

“आमच्यात न्हाई चालत. माफ करा.”

पेला तसाच हवेत राहिला. छबूबाईने तो पटकन घेतला आणि पिऊन टाकला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. अम्मा खाली गेल्या. जाताना मात्र पातेलं तिथेच ठेवून गेल्या, नव्या घरातलं भांडं परत नेत नाहीत म्हणून.

दुसऱ्या दिवशी जास्तच बिघडलं. शनिवार-रविवार सोडून हिरुत दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा घ्यायची नाही. मग जेवायची. त्या दिवशी प्लॉटवरून येऊन तिने ज्वारीची भाकरी केली, मसुराचं घट्ट वरण केलं, त्यात तेल आणि लाल तिखट सढळ हाताने घातलं आणि कांदा फोडून दारातच ताट घेऊन बसली, कारण तिथे कूलरचा वारा येत होता. अम्मा वाळवणाचे सांडगे काढायला गच्चीवर आल्या. त्यांनी भाकरी पाहिली, वरण पाहिलं, कांदा पाहिला. सांडगे न काढताच त्या उलट्या पावली खाली उतरल्या.

खाली काय झालं ते हिरुतला दिसलं नाही, पण ऐकू सगळं आलं. “उपास म्हनली आन् कांदा-भाकर खायलीय. देवाच्या नावानं मकान घेतलं तिनं. दूध तेवढं चालत न्हाई म्हने, आपल्या हातचं.” हे शेवटचं वाक्य हिरुतला लागलं. ताटातली भाकरी गार झाली. खोटं बोलून तिने काही घेतलं नव्हतं, पण जिना उतरून जावं आणि समजावून सांगावं, तर तेवढी मराठी आपल्याजवळ आहे का, अशी तिला शंका आली. निंदणी-खुरपणीची मराठी तिला येत होती. देवाधर्माची येत नव्हती.

संध्याकाळी अप्पा वर आले. भिडस्त माणूस. आधी कूलर बघितला, नळाला पाणी नीट येतं का विचारलं, भिंतीवरचा जुना खिळा हलवून बघितला.

“तुमच्या अम्मांना जरा हे... उपासाचं,” ते अखेर म्हणाले. “मला काई तकलीफ न्हाई. पन तिला सांगावं लागंल काईतरी.”

हिरुतने खुर्ची पुढे केली आणि तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं. सकाळपासून दुपारी उशिरापर्यंत काहीच नाही. नंतर जेवायचं, पण जनावराचं काहीच नाही. मटण तर नाहीच, दूध नाही, दही नाही, तूप, लोणी, अंडं काही नाही. धान्य, डाळ, भाजी, कांदा चालतं.

“तूप बी न्हाई?” अप्पांना तुपाचंच जास्त वाटलं.

“न्हाई.”

“दोन महिने?”

“व्हय अप्पा. आमची आई सत्तर वर्षांची हाय, ती बी करते.”

 अप्पा उठले आणि जिन्यातूनच मोठ्याने बोलत खाली गेले. “अगं ऐकलंस का, ती तुपाला शिवत न्हाई दोन महिने.” खालून अम्मांचा प्रश्न आला, “आन् कांदा?” “कांदा चालतो म्हनली.” “चालतो कसा?”  त्या रात्री कांद्यावरच दोघांचं जेवण झालं असावं, कारण बराच वेळ भांड्यांचा आणि बोलण्याचा आवाज एकत्रच येत राहिला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. अम्मा जिन्यात भेटल्या की मान हलवायच्या, पण बोलायच्या नाहीत. घर तसं हिरुतला मनापासून आवडलं होतं. स्वतःचं दार स्वतःच्या किल्लीने उघडायचं, आपल्या वेळेला आंघोळ करायची, पिठात हात घालून उभं राहायचं. परभणीच्या उकाड्यात तिचं ज्वारीचं पीठ एका रात्रीत आंबायचं, गावी त्याला तीन दिवस लागायचे. शुक्रवारी तिने त्याची आंबोळीसारखी पातळ, जाळीदार इंजेरा केली, आणि ती आईच्या हातच्यासारखी झाली म्हणून एकटीच स्वयंपाकघरात हसली. पण खालच्या मजल्यावरून जाताना चप्पल हळू टाकायची, हे काही तिला बरं वाटेना. तिच्या गावी नव्या घरात कुणी आलं की पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांना कॉफीला बोलवावं लागतं. तसं केलं नाही तर तो माणूस राहायला आला असं कुणी धरत नाही.

रविवारी सकाळी ती विद्यापीठाच्या चारा प्लॉटवर गेली आणि तिथल्या मुकादमाला विचारून भाराभर हिरवं गवत कापून आणलं. जमीन पुसून घेऊन पुढच्या खोलीत ते अंथरलं. बाजारातून आणलेला ऊद एका वाटीत निखाऱ्यावर टाकला. मग तिने गावाहून आणलेल्या हिरव्या कॉफीच्या बिया तव्यात घातल्या आणि भाजायला बसली. बिया तडतडल्या, तपकिरी झाल्या, काळ्या होऊ लागल्या. धूर दाट झाला आणि दारातून बाहेर पडून जिन्यात उतरला.

खाली शिवकांतला वाटलं, कूलरची वायर जळाली. तो पाण्याची बादली घेऊन धावत वर आला. त्याच्या मागोमाग, गुडघे विसरून, चन्नबसम्मा. त्यांच्या मागे अप्पा. दारात येऊन तिघंही थांबले. धुराच्या पलीकडे हिरुत पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर ओढणी घेऊन, लहानशा स्टुलावर बसून तवा हलवत होती.

“काय पेटवलंस?” अम्मांनी नाकाला पदर लावून विचारलं.

“कॉफी, अम्मा. तुमालाच बोलवायला येनार होते मी. या ना.”

अम्मांनी पाय टाकला आणि मागे घेतला. “हे गवत कशाला टाकलंय? म्हैस बांधायलीस का काय वरच्या मजल्यावर?”

शिवकांतला हसू आवरेना. हिरुतही हसली. “पाव्हने येनार असले की टाकतो आमच्याकडं. हिरवं असलं म्हंजे चांगलं. बसा, गवतावरच बसा.”

अप्पा आधी बसले. शिवकांतने बादली दाराबाहेर ठेवली. अम्मा मात्र उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. हिरुत तवा घेऊन उठली आणि तो गरम धूर त्यांच्यापुढे धरून हाताने त्यांच्याकडे वळवला, तिच्या गावी करतात तसा. अम्मांनी, न घेता घेता, वास घेतला. मग त्यांची नजर उदाच्या वाटीवर गेली.

“ऊद घालता तुमी?”

“व्हय. कॉफी असली की घालायचाच.”

“आमी बी घालतो,” अम्मा म्हणाल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. “पूजंला.”

हिरुतने बिया कुटल्या, मातीच्या काळ्या भांड्यात पाण्याबरोबर उकळल्या आणि ती कॉफी बिनकानाच्या लहान कपांत उंचावरून धार धरून ओतली. बरोबर छबूबाईने दिलेल्या ज्वारीच्या लाह्या ठेवल्या. दूध अर्थातच नव्हतं. अम्मा आयुष्यात कोरी कॉफी प्यायल्या नव्हत्या. कप हातात धरून त्या कॉफीकडे बघत राहिल्या, आणि आता न घेण्याची पाळी आपली आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या एकदम म्हणाल्या, “आन साखर.” दोन चमचे साखर टाकून त्यांनी कप तोंडाला लावला.

“कडू हाय,” त्या म्हणाल्या. पण कप रिकामा केला.

दुसऱ्या फेरीला तेच भांडं पुन्हा पाणी घालून चढलं. त्या मोकळ्या वेळात अम्मांनी मनातलं काढलंच. त्यांना आडून बोलता येत नसे.

“पोरी, खरं सांग. उपास म्हनलीस म्हनून मी किल्ली दिली. मला वाटलं, कांदा-लसून बी सोडला असशील. तू तर भाकर खायलीस दारात बसून. मला कसं वाटलं असंल?”

हिरुतने भांडं खाली उतरवलं. “मला म्हाईत नव्हतं अम्मा, तुमचा उपास कसा असतो. मी खोटं न्हाई बोलले. तुमी म्हनलात मटन न्हाई, मी म्हनलं उपास हाय. पुढचं मी सांगायला पायजे होतं. दूध तुमच्या हातचं होतं म्हनून मला पन लय वाईट वाटलं.”

“इथं तुला बघायला कोन हाय? प्यायली असतीस घोटभर तर आईला कळलं असतं का?”

“न्हाई कळलं असतं. पन ती रोज विचारते, आज कसा गेला उपास. खोटं कसं सांगू?”

चन्नबसम्मांनी लाह्यांची मूठ भरली आणि त्या एक एक लाही खात राहिल्या. “डॉक्टरनं माझा बंद केला न्हाईतर मी बी करून दाखवला असता,” त्या म्हणाल्या. हे त्या कुणाला म्हणाल्या ते नीटसं कळलं नाही, पण आवाज खाली आलेला होता.

दुसरा कप झाला. तेवढ्यात त्यांना खाली गॅसवर तुरीची डाळ ठेवल्याची आठवण झाली आणि त्या हात टेकून उठू लागल्या. हिरुतने त्यांचा हात धरला.

“अजून एक राहिला, अम्मा. तिसऱ्याच्या आधी उठत न्हाईत. पहिल्याला आमी अबोल म्हंतो, दुसऱ्याला तोना. तिसरा बरका. तो घेतला न्हाई तर घराला मिळत न्हाई.”

“काय मिळत न्हाई?”

“बरका. म्हंजे...” हिरुत शब्द शोधू लागली.

“बरकत,” अप्पा कोपऱ्यातून म्हणाले. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस तो. “बरकतच म्हनायलीय ती. बस खाली. शिवकांत, जा, डाळ बघ.”

शिवकांत डाळ बघायला गेला आणि ती लागल्याची बातमी घेऊन आला. अम्मांनी हात झटकला. तिसरा कप पातळ होता, जवळजवळ चहाच्या रंगाचा, आणि त्यांना तोच सगळ्यात आवडला. अप्पांनी तर रिकामा कप पुढे केला. ह्याच्यापुढे नसतं, असं हिरुतने सांगितल्यावर त्यांनी तो नाइलाजाने खाली ठेवला.

मग गप्पांना सुरुवात झाली. कोंबोल्चाला पाऊस कधी येतो, तिथे कापूस होतो का, तिच्या भावाचं लग्न कधी, असं सगळं अम्मांनी विचारून घेतलं. शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची हिरुतला आठवडाभर धास्ती होती.

“उपास सुटायच्या दिवशी काय खाता तुमी?”

हिरुतने क्षणभर अप्पांकडे बघितलं. पण लपवायचं काय होतं? “कोंबडी, अम्मा. त्याशिवाय सण होत न्हाई आमचा. पन ह्या घरात न्हाई करनार मी. हैदराबादला आमच्याकडची पोरं-पोरी शिकायला हायेत. तिथं जाईन रेल्वेनं.”

 अम्मांनी गुडघ्यावरून हात फिरवला, गवताची एक काडी साडीवरून काढून टाकली.

“जा,” त्या म्हणाल्या. “सनाला मानसानं आपल्या मानसात असावं. खा पोटभर. पन तिथंच आंघोळ करून, कपडे बदलून ये. आन् डब्यात बांधून काई आनू नको.”

“न्हाई आननार.”

“कवा यायचीस ते सांगून जा. म्हंजे रातच्याला गेट उघडं ठेवता येईल.”

त्या उठल्या, तेव्हा हिरुतने त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. दोन पायऱ्या उतरून अम्मा परत वळल्या. पुढच्या रविवारी त्यांची धाकटी बहीण सेलूहून यायची होती, आणि तिला आपलंच सगळं भारी वाटतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. “तिला पाजशील का ही? तिनं असलं काई बघितलं न्हाई. गवत बी टाक.” हिरुतने मान डोलावली. खाली गेल्यावर अम्मा अप्पांना सांगत होत्या, की कॉफी भाजताना दार उघडं ठेवायचं असतं, नाहीतर वास घरातच कोंडतो, जणू हे सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

संध्याकाळी कोंबोल्चाहून आईचा व्हिडिओ कॉल आला. हिरुतने फोन हातात धरून तिला दोन्ही खोल्या फिरवून दाखवल्या, स्वयंपाकघर दाखवलं, गच्ची दाखवली, गच्चीवरून दिसणारं कडुलिंबाचं झाड दाखवलं. आईला घर फार मोठं वाटलं, एकटीला कशाला एवढं, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, शेजारी कसे आहेत?

हिरुतने विचार केला. “विचारतात फार,” ती अम्हारिकमध्ये म्हणाली.

“मग बरं आहे,” आई म्हणाली. “विचारत नाहीत त्यांची भीती.”

फोन ठेवून हिरुतने खुर्ची गच्चीत ओढली. रस्त्यावरून उसाचा रस विकणाऱ्याची गाडी घुंगरं वाजवत चालली होती, आणि खालून शिवकांत विचारत होता की कुणाला रस पाहिजे का. “मला पायजे,” तिने कठड्यावरून वाकून सांगितलं. रस तर उपासाला चालतच होता.